मोडी वाचायला शिकण्याचं वर्षाचं उद्दिष्ट: आखायचं कसं आणि मार्चनंतर टिकवायचं कसं?

गुंठेवारी

मोडी शिकायचा संकल्प यापूर्वी केला आहे आणि सोडलाही आहे. दर वेळी गाडी बाराखडीपाशी अडते. या वर्षी नीट आखणी करून मगच सुरुवात करावी म्हणतो.

परिस्थिती अशी: नोकरी आहे, रोज जास्तीत जास्त अर्धा तास मिळतो, मार्चअखेर तोही मिळत नाही. घरी एका पत्र्याच्या पेटीत जुने कागद आहेत. स्टँपावर छापलेली सालं बघता बहुतेक 1885 ते 1930 मधले. खरेदीखतं, गहाणखतं आणि थोडी घरगुती पत्रं. मुळाक्षरांचा तक्ता आहे, पुस्तक आहे.

प्रश्न:
1. वर्षभरात कुठवर पोचायचं ठरवणं रास्त आहे?
2. रोज नेमकं काय आणि किती करायचं?
3. मध्ये खंड पडतोच. तो पडल्यावर पुन्हा उभं कसं राहायचं?

‘रोज थोडा थोडा सराव करा’ एवढंच सांगू नका, ते पाठ आहे.

---

आडवीरेघ

पहिली गोष्ट, ‘मोडी शिकणे’ हे उद्दिष्टच नव्हे. ते कधी पूर्ण झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. शिवकालीन, पेशवेकालीन आणि इंग्रजी अमलातली मोडी यांत वळण, शब्द, कालगणना सगळं बदलतं. पेशवेकालीन पत्र सफाईने वाचणारा माणूससुद्धा 1910 सालच्या तलाठ्याच्या घाईच्या अक्षरापुढे अडखळतो. तुमचे कागद इंग्रजी अमलातले आहेत, तेव्हा काळ तोच धरा आणि दस्ताचा प्रकारही एकच धरा. असं लिहा:

‘31 डिसेंबरपर्यंत, 1885 ते 1930 मधलं, पूर्वी न पाहिलेलं एक पानाचं खरेदीखत दोन तासांत देवनागरीत उतरवणे. न लागलेल्या जागा दहापेक्षा कमी.’

यात काळ, दस्त, वेळ आणि चुकीची मर्यादा चारही आलं. एका पानात साधारण 25 ते 30 ओळी असतात, म्हणजे ओळीला चार मिनिटं. सुरुवातीला हस्तलिखिताच्या एकेका ओळीला दहा-पंधरा मिनिटं जातात. त्या मानाने हे अवघड आहे, पण आवाक्यातलं आहे.

आता तासांचा हिशोब. रोज 25 मिनिटं, आठवड्याला पाच दिवस, 48 आठवडे: बरोबर 100 तास. उरलेले चार आठवडे आत्ताच सुट्टीत टाका. तुमच्या बाबतीत दोन मार्चअखेरचे, एक गणपतीचा, एक दिवाळीचा. बुडणारच आहेत ते दिवस आधीच बुडीत खाती दाखवले की नंतर चुकचुकायला होत नाही.

वाटणी:
आठवडे 1 ते 3: मुळाक्षरं, रोज तीन. पंधरा बैठकांत 45 होतात.
आठवडे 4 ते 7: बाराखडी, पण अख्खी नाही (खाली लिहितो).
आठवडे 8 ते 14: शिळाछापाची (दगडावरून छापलेली) जुनी शालेय वाचनपुस्तकं. अक्षर एकसारखं असतं, ओळी सुट्या असतात.
आठवडे 15 ते 30: ज्यांचं लिप्यंतर छापलेलं आहे असे हस्तलिखित कागद.
आठवडे 31 ते 48: तुमची पेटी.

पेटी ऑगस्टच्या आत उघडायची नाही. लोक जोश असतो तेव्हाच घरचा कागद काढतात, तीन शब्द लागतात, आणि ‘आपल्याला काही जमत नाही’ म्हणून तक्ता फडताळात जातो. शिकण्याचा क्रम चुकलेला असतो आणि दोष बुद्धीच्या माथी येतो.

आता बाराखडी. 34 व्यंजनं गुणिले 12 म्हणजे 408 रूपं. ती क्रमाने घोकायला घेतली की ‘घ’च्या आसपास माणूस गळतो. त्यापेक्षा सोळा व्यंजनं घ्या: क ग च ज ण त द न प म य र ल व स ह. प्रत्येकाची सहाच रूपं: मूळ, आ, ई, उ, ए, ओ. 96 रूपं झाली. रोज पाच केली तर वीस बैठकांत संपतात. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, म्हणून सहा पुरतात. बाकीची अक्षरं समोर येतील तशी.

‘र’ला मात्र स्वतंत्र दोन बैठका द्या. मागच्या अक्षराला जोडून येताना त्याची रूपं बदलतात आणि निम्म्या चुका त्याच्याच असतात.

---

शिळाछाप

वरच्या आखणीशी सहमत, एक भर घालतो.

अक्षर ओळखणं हा निम्मा भाग. उरलेलं निम्मं म्हणजे पुढे कोणता शब्द येणार याचा अंदाज. मोडीत शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हं नसतात, अनुस्वार बरेचदा गाळलेला असतो. आधी आडवी रेघ मारून तिच्याखाली हात न उचलता लिहीत गेलेलं असतं. तिथे केवळ अक्षरांच्या बळावर वाचायला गेलात तर शब्द कुठे तुटतो हेच कळत नाही.

सुदैवाने खरेदीखताचा सांगाडा ठरलेला असतो. वर मिती आणि साल, मग लिहून घेणार, लिहून देणार, ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे’, मग जमिनीचं वर्णन, सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, आकार (म्हणजे सारा), मग चतुःसीमा, रक्कम, भरणा पावल्याची कबुली, शेवटी ‘हे खरेदीखत लिहून दिले सही’, साक्षी आणि लिहिणाऱ्याचं ‘बिकलम’. म्हणून आठव्या आठवड्यापासून एक समांतर काम करा: त्या काळातली देवनागरीत छापलेली दोन-चार खतं मोठ्याने वाचा. सदरहू, मजकूर, बितपशील, येणेप्रमाणे, दरोबस्त, वहिवाट, हे शब्द कानात बसले पाहिजेत. नावांमध्ये ‘बिन’, ‘वल्लद’ (दोन्ही म्हणजे अमक्याचा मुलगा) आणि बाईच्या नावापुढे ‘कोम’ (अमक्याची बायको). ‘बिन’ माहीत नसेल तर त्याचा काहीतरी भलताच शब्द होतो आणि पुढची सगळी ओळ वाहवते.

अनोळखी खत हातात आलं की वरून खाली वाचत जाऊ नका. आधी चतुःसीमा शोधा. ‘पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस’ असे चार शब्द ठरलेल्या जागी, एकाखाली एक सापडतात. या चार शब्दांतून त्या लेखकाचा प, र, व, स, द, त, म, ण, उ हातात येतो. ‘स’ तर चार वेळा येतो. तो पाया धरून मग वर जा. दर कागदाला एक छोटा कागद जोडा आणि त्यावर त्या हाताची अक्षरं टिपा. दहा-बारा ओळींनंतर वेग आपोआप वाढतो, कारण माणूस आपलं वळण पानाच्या मध्यात बदलत नाही.

---

पुन्हाश्रीगणेशा

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो.

खंड पडणं हा अपघात नाही, तो कार्यक्रमाचाच भाग आहे. त्याचा नियम आज लिहून ठेवायचा, कारण खंड पडल्यावर सुचणारा नियम नेहमी ‘आता सोमवारपासून’ असाच असतो.

वेळ घड्याळाला बांधू नका, आधीच घडत असलेल्या गोष्टीला बांधा. ‘रात्री साडेनऊला’ हे जेवण लांबलं की मोडतं. ‘जेवणाचं ताट उचललं की त्याच टेबलावर वही उघडायची’ हे टिकतं. सोबत एक पर्यायी वाक्य हवंच: ‘पाहुणे असतील तर दुसऱ्या दिवशी चहानंतर.’ जर-तर अशा रूपात लिहा आणि वहीच्या पहिल्या पानावर ठेवा. वही, पेन्सिल, तक्ता, चालू उतारा हे सगळं एका फाइलमध्ये. सामान शोधण्यातच पाच मिनिटं गेली तर त्या दिवशीची बैठक होत नाही.

दोन मापं ठेवा. पूर्ण माप 25 मिनिटं. किमान माप एक ओळ. आजारपण, प्रवास, ऑडिट, काहीही असो, एक ओळ वाचली तर दिवस भरला असं धरायचं. मात्र आठवड्यात किमान मापाचे दिवस दोनच. तिसरा आला तर समजा की माप मोठं झालंय; 25 ची 15 मिनिटं करा आणि वेळापत्रक लांबवा.

खंडानंतर मागची भरपाई करायची नाही. बुडलेल्या चार दिवसांचं एका रविवारी उरकायला बसलं की दोन तासांनी डोळे दुखतात, आणि पुढचा सोमवारही जातो. नियम असा: एक ते तीन दिवस बुडाले तर जिथे होतो तिथून पुढे. चार ते दहा दिवस बुडाले तर आधी वाचलेला शेवटचा उतारा एकदा वाचून मग पुढे. दहाच्या वर गेले तर एक टप्पा मागे, तिथे तीन बैठका, मग परत. पहिल्या पानावर कधीच जायचं नाही. दर वेळी मुळाक्षरांपासून सुरुवात करणाऱ्याची मुळाक्षरं फार पक्की होतात, एवढंच.

21 दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेला, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्य 66 दिवसांचा होता आणि पसारा 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही हेही त्यात दिसलं. म्हणजे मार्चपर्यंत रोज स्वतःला ढकलावं लागलं तर काही बिघडलेलं नाही.

नोंदवहीत चारच रकाने: तारीख, मिनिटं, वाचलेल्या ओळी, अडलेल्या जागा. ‘आज मजा आली’ वगैरे नको. रविवारी दहा मिनिटं हे आकडे बघायचे. ओळी तीन आठवडे वाढल्या नाहीत तर उतारा कठीण आहे किंवा तुम्ही ओळखीचाच उतारा पुन्हा पुन्हा वाचताय. दुसरी शक्यता जास्त. पाठ झालेला उतारा वाचताना प्रगती झाल्यासारखी वाटते, ती वाचनाची नसते.

आणि चौकशी करणारा एक माणूस ठेवा. समाजमाध्यमांवर जाहीर करण्यापेक्षा एकालाच दर रविवारी आठवड्यात वाचलेल्या एका ओळीचा फोटो आणि लिप्यंतर पाठवा. त्याला मोडी यायला हवी असं नाही. फोटो आला की नाही, एवढंच त्याने बघायचं.

---

गुंठेवारी

हे फार कामाचं आहे, सर्वांचे आभार. तीन शंका राहिल्या. बोरूने लिहायचा सराव करावा का? माझं वाचन बरोबर आहे हे एकट्याने कसं ताडायचं? आणि या कागदांत ‘शके’ आणि ‘फसली’ दोन्ही दिसतात, त्याचं काय करायचं?

---

टाकनीब

बोरूची गरज नाही. तुमचे कागद बहुतेक टाकाने, म्हणजे लोखंडी निबाने लिहिलेले असणार. बोरूचं जाड-बारीक वळण त्यात नसतं. साधं जेल पेन घ्या, एकेरी रेघांची वही घ्या, आधी रेघ ओढा, मग अक्षरं लटकवा. लिहिण्याला एकूण वेळेच्या चौथा हिस्सा द्या, त्याहून जास्त नको. लिहिल्याने हाताची दिशा कळते, म्हणजे जोडरेघ कुठून निघाली हे वाचताना ओळखू येतं. त्यापलीकडे सुंदर मोडी लिहिणं हे वेगळं उद्दिष्ट आहे. छान छंद आहे, पण त्याने खत वाचता येत नाही.

मोबाइलवर नोटो सॅन्स मोडीसारखा फॉन्ट टाकता येतो (2014 पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा आहे). पहिले तीन आठवडे ओळख पक्की करायला ठीक. नंतर बंद करा. फॉन्टमधली अक्षरं सुटी आणि शहाणी असतात, कारकुनाची तशी नसतात.

---

फसली_साल

ताडण्याचं काम दोन प्रकारे होतं.

एक, छापील लिप्यंतर असलेला कागद घ्या, लिप्यंतर झाकून ठेवा, स्वतः उतरवा, मग जुळवा. दर 100 अक्षरांना किती चुका ते मोजा. पंधराव्या आठवड्यात वीस-पंचवीस चुका आल्या तरी घाबरू नका. तिसाव्या आठवड्यापर्यंत आठच्या खाली यायला हव्यात. आल्या नाहीत तर पेटी उघडू नका, त्याच टप्प्यावर चार आठवडे आणखी द्या आणि डिसेंबरची तारीख जानेवारीअखेर करा. तारीख हलवायला हरकत नाही. चुकीची मर्यादा हलवू नका.

उतरवताना ओळीला ओळ ठेवा, समासात ओळीचा क्रमांक घाला. न लागलेल्या अक्षराला टिंब द्या, अंदाजाला प्रश्नचिन्ह द्या. अंदाज खात्रीच्या मजकुरात गुपचूप मिसळला की पुढे तो शोधून काढता येत नाही.

दोन, कागद स्वतःच तपासणी देतो. रक्कम अंकी आणि अक्षरी दोन्ही असते. हुंड्यांत आणि काही खतांत ‘निमे’ म्हणून अर्धी रक्कमही लिहिलेली असते, म्हणजे रुपये 250 असतील तर निमे सव्वाशे. तिन्ही जुळलं तर वाचन बरोबर. इथे एक खाच आहे: अंकानंतर आलेली उभी दुरेघ (॥) म्हणजे अर्धा रुपया, आठ आणे. एक रेघ पाव, तीन रेघा पाऊण. पण अक्षरानंतर आलेली तशीच दुरेघ म्हणजे शब्द संक्षेपाने लिहिलाय, जसं ‘रा॥’ म्हणजे राजश्री. आधी अंक की अक्षर ते बघायचं, मगच दुरेघेचा अर्थ लावायचा.

आता सालं. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते गुढीपाडवा या भागासाठी 79. फसली हे महसुली साल, त्यात 590 मिळवा, आणि जानेवारी ते जूनच्या सुरुवातीपर्यंतचे महिने असतील तर 591. म्हणजे शके 1820 आणि फसली 1308 दोन्ही 1898-99 मध्ये पडतात. शकाबरोबर संवत्सराचं नाव असतं, ते तर तयार उत्तरच आहे: शके 1820 ला विलंबी संवत्सर. आकडा 1820 वाटतोय आणि नाव विकारी लागतंय, म्हणजे तो 1821 आहे किंवा नाव चुकलं. साठ संवत्सरांची यादी वहीच्या मागच्या पानावर चिकटवा.

पेशवेकालीन कागदांत हेच साल सुहूर सनात आणि अरबी शब्दांत येतं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार मिळून 1161, त्यात 599 किंवा 600 मिळवून 1760-61, पानिपताचं वर्ष. ते या वर्षी अजिबात शिकू नका. मोह होतो म्हणूनच सांगतोय. काळ बदलला की वर्ष वाया जातं.

---

रुमाल_उलगडा

थोडं विरुद्ध बोलतो. गुंठेवारी, हे कागद तुम्हाला वाचायचे आहेत की मोडी यायला हवी आहे? दोन्ही एकत्र बांधलं तर दोन्ही रखडेल.

वाटणीचा दावा असेल, जातीच्या दाखल्यासाठी नोंद हवी असेल, तर वर्षभर थांबू नका. कचेरीत सादर करायचं लिप्यंतर जाणत्या मोडी वाचकाचं, त्याच्या सही-शिक्क्यासह लागतं. तुमचं स्वतःचं तिथे चालणार नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून अशा वाचकांकडे गर्दी आहे, तेव्हा काम आधीच सोपवा. पुराभिलेख संचालनालयात किंवा तुमच्या जिल्ह्यातल्या इतिहास मंडळात चौकशी करा. संचालनालय मोडीचे वर्गही घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही होतात. वर्ग लागला तर तो आठवडे 1 ते 7 च्या जागी बसवा. वर्ग संपल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात सर्वात जास्त लोक गळतात, म्हणून आठव्या आठवड्याचा उतारा वर्ग सुरू असतानाच काढून ठेवा.

तातडी नसेल तर मात्र पेटीतलं एकही खत कुणाकडून वाचून घेऊ नका. मजकूर आधी कळला की ते पान सरावाला मेलं.

पेटी ऑगस्टपर्यंत बंद ठेवायची हे मान्य, पण त्यातल्या कागदांचे फोटो आत्ता घ्या. पावसाळ्यात दमट हवेने घडीवर कागद तुटतो. खिडकीजवळ बाजूने येणाऱ्या उजेडात, फ्लॅश न लावता, कॅमेरा कागदाला समांतर धरून. शेजारी मोजपट्टी ठेवा. पाठीमागचा शेराही टिपा, नोंदणीची तारीख बरेचदा तिथेच असते. चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. वाचायला मूळ कागद हाताळू नका, दीडपट मोठी कृष्णधवल प्रत काढा आणि तिच्यावर पेन्सिल चालवा.

---

गुंठेवारी

तातडी काही नाही, दावा नाही. मोडीच यायला हवी आहे. मग असं ठरवतो: आडवीरेघ यांचं वाक्य जसंच्या तसं, रोज ताट उचलल्यावर 25 मिनिटं, किमान एक ओळ, रविवारी मावसभावाला फोटो. पहिली चाचणी 14 व्या आठवड्याअखेर, दुसरी 30 व्या आठवड्याअखेर. फोटो या शनिवारी काढतो.

---

पुन्हाश्रीगणेशा

एक बदल करा. तुमचे मार्चअखेरचे दोन सुट्टीचे आठवडे नेमके शिळाछापाच्या टप्प्यात येतात, त्यामुळे 14 वा आठवडा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सरकेल. कॅलेंडरवर आठवड्याचे क्रमांक सुट्ट्या वगळून आजच पेनने लिहा. आणि त्या दोन आठवड्यांतही रविवारचा फोटो सुरू ठेवा, वाचलेलीच एखादी जुनी ओळ चालेल. मावसभावाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तोही सुट्टीवर जाईल.